झिराडकरांच्या तारखा

ग्लासगो
१४ जानेवारी २०२५

प्रिय रेचलमावशी,

नमस्कार. लाल पेन जवळ घेऊन बसा. व्हॉट्सॲप सोडून मराठीत मी दहा वर्षांत काही लिहिलेलं नाही. इल्फर्डच्या चर्च हॉलमधल्या तुमच्या रविवारच्या मराठी वर्गात मागच्या रांगेत बसून क्रिस्प्स खायची, तीच मी ईरा. आई म्हणाली, तुम्ही ईमेल वाचत नाही आणि मेसेजला फक्त अंगठा पाठवता, म्हणून हे पत्र.

मी आता इथल्या एका म्युझियममध्ये जिऑलॉजिस्ट आहे. म्हणजे बेसमेंटमध्ये बसून दगडांना नंबर देते. मागच्या आठवड्यात मला एक जुनी पेटारा मिळाली. त्यात २१२ दगड आहेत. १९३४ साली लडाखच्या दक्षिणेला नोरबूकांग नावाच्या शिखरावर एक ब्रिटिश मोहीम गेली होती. शिखर काही त्यांना मिळालं नाही, पण मोहिमेबरोबर डॉ. हॅलम नावाचे जिऑलॉजिस्ट होते, त्यांच्या सर्व्हेचे हे दगड. प्रत्येक दगडाला एक चिठ्ठी बांधलेली आहे. त्यावर इंग्लिशमध्ये नंबर आणि तारीख, आणि काहींच्या कोपऱ्यात बारीक मराठी! मला वाटलं मी स्वप्नात आहे.

हॅलमनी नंतर पुस्तक लिहिलं. त्यात म्हटलंय, ‘आमच्या मुंबईच्या सहायकाने चिठ्ठ्यांवर घातलेल्या तारखा इतक्या गलथान आहेत, की एकही दगड किती उंचीवरचा हे मी सांगू शकत नाही.’ जिऑलॉजीमध्ये दगड कुठला ते माहीत नसेल तर तो नुसता दगड. २० मार्चला आमची कमिटी बसणार आहे. जागा कमी पडते, म्हणून हा सगळा संग्रह शाळेच्या मुलांना हाताळायला देऊन टाकायचं चाललंय.

नऊ चिठ्ठ्यांच्या फोटोकॉपी पाठवते. कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचून सांगाल का? आणि हा माणूस कोण असेल?

तुमची,
ईरा

*

इल्फर्ड
२२ जानेवारी २०२५

चि. ईरा,

पेटारा तो असतो. ‘जुना’ पेटारा ‘मिळाला’. तुला तीन वर्षं शिकवून हे फळ! बाकी अक्षर सुधारलंय, कबूल करते.

तुझ्या चिठ्ठ्या भिंग घेऊन वाचल्या. एक: ‘आज गारा.’ दोन: ‘साहेब अजून तापात. खालीच आहेत.’ तीन: ‘उजवा बूट फाटला.’ चार: ‘चहात साखरेऐवजी मीठ. सगळे हसले, मीही.’ पाच आणि सहावर नुसतं ‘थंडी’ लिहिलंय. सात: ‘तंबूची दोरी तुटली.’ आठ: ‘बोटं सुजली, अक्षर माफ.’ नववी वाचता येत नाही.

तो माणूस कोण, असं तू विचारलंस. असेल कोणी मुंबईचा कारकून. नव्वद वर्षांनी त्याचं नाव शोधून कोणाचं भलं होणार आहे? मुलांना दगड हाताळायला मिळाले तर चांगलंच आहे की. तुझ्या कमिटीचा निर्णय मला योग्य वाटतो. थंडीत मफलर बांधत जा.

रेचलमावशी

*

ग्लासगो
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय रेचलमावशी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ते तुमच्यासारखं नाही. वर्गात आम्ही ‘वाचता येत नाही’ म्हटलं की तुम्ही म्हणायचा, ‘येत नाही असं नसतं, वाचायचं नाही असं असतं.’ नववी चिठ्ठी तर सगळ्यात स्वच्छ आहे. मलासुद्धा त्यात ‘समुद्र’ आणि ‘रिबका’ एवढं वाचता आलं.

मग मी मोहिमेचे कागद काढले. पगाराच्या यादीत नाव आहे, एस. डी. झिराडकर, सर्व्हे ऑफिस, बॉम्बे. आणि शाळेच्या जीसीएसई परीक्षेला तुम्ही मला जो जुना शब्दकोश बक्षीस दिलात, त्याच्या पहिल्या पानावर ‘रेचल शालोम झिराडकर, माझगाव’ असं लिहिलेलं आहे. तो शब्दकोश आत्ता माझ्या टेबलावर आहे.

मावशी, मी कोणालाही काही सांगितलेलं नाही. तुम्हाला नको असेल तर विचारणारही नाही. पण २० मार्चला ते दगड गेले की गेले.

ईरा

*

इल्फर्ड
१० फेब्रुवारी २०२५

चि. ईरा,

पकडलंस. मागच्या रांगेतल्या पोरी ऐकत नसतात असं मला वाटायचं.

शालोम डॅनियल झिराडकर माझे वडील. नववी चिठ्ठी मी पहिल्या नजरेत वाचली आणि भिंग खाली ठेवलं. त्यावर लिहिलंय: ‘वरच्या खिंडीत सापडला. आत समुद्राच्या तिसऱ्या. रिबकाला दाखवायच्या.’ रिबका माझी आई. तेव्हा त्यांचं लग्न नुसतं ठरलेलं होतं. आम्ही बेने इस्राएल ज्यू लोक शिंपल्यातलं काही खात नाही. पण बाबांचं लहानपण अलिबागकडे गेलेलं, त्यांना तिसऱ्यांचे शिंपले बघायला फार आवडत. पुढे लग्नानंतरही किनाऱ्यावर गेलं की ओंजळभर वेचून आईला दाखवायचे, आणि ती म्हणायची, ‘बघून झाल्या ना? आता टाका.’

हिमालयातून परत आल्यावर तीन महिन्यांनी हॅलमसाहेबांचं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती, तुमच्या तारखा खोट्या आहेत. तसंच पत्र ऑफिसलाही गेलं. नोकरी गेली. मग बाबांनी जन्मभर नगरपालिकेच्या गटारांचे नकाशे काढले. ते पत्र त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलं होतं. कोणी विषय काढलाच तर एवढंच म्हणायचे, ‘मी दगड चुकवले नाहीत.’

आता खरं सांगायचं ते सांगते. १९५४ साली मी सोळा वर्षांची होते. मॅट्रिकचा फॉर्म भरायचा होता. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर बाबांच्या हातचा माझा जन्म लिहिलेला आहे: १० नोव्हेंबर १९३७. मी तीच तारीख घातली. दाखल्यावर होती ९ नोव्हेंबर. कारकुनाने भर वर्गात माझी शोभा केली. मी घरी येऊन बाबांवर ओरडले, ‘पोटच्या मुलीची जन्मतारीख धड लिहिता आली नाही, आणि म्हणे दगड चुकवले नाहीत! साहेब खोटं बोलत होता का?’ बाबा म्हणाले, ‘मी बरोबर लिहिलंय, रेचल.’ मग नकाशावर मान घालून बसले. त्या दिवसानंतर दगडांचा विषय त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. सात वर्षांनी ते गेले. मी माफी मागितली नाही, कारण मला माझंच खरं वाटत होतं.

म्हणून म्हटलं, मुलांना देऊन टाका. पण आता तू सगळं उकरलंच आहेस. बघ, त्यांच्या बाजूने काही निघतं का. मी वाट बघते आहे.

रेचलमावशी

*

ग्लासगो
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय रेचलमावशी,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

मोहिमेच्या डॉक्टरांची रोजनिशी आमच्याकडे आहे. कुठल्या दिवशी कोण कुठल्या कॅम्पवर होतं आणि हवा कशी होती, हे त्यात रोजच्या रोज लिहिलेलं आहे. आणि आता उपग्रहामुळे त्या डोंगराचा थर न् थर कळतो. त्यामुळे मी प्रत्येक दगड घेतला, तो कुठल्या थरातला ते पाहिलं, आणि चिठ्ठीवरच्या तारखेला तुमचे बाबा तिथे होते का ते तपासलं.

पेन्सिलने लिहिलेल्या ७४ चिठ्ठ्या आहेत. त्या दिवसा, चालता चालता लिहिलेल्या. त्या सगळ्या बरोबर निघाल्या. शाईने लिहिलेल्या १३८ आहेत. शाई बाहेर गोठायची, म्हणून ते संध्याकाळी तंबूत स्टोव्हजवळ कंदील लावून लिहायचे. त्यातली एकही जुळत नाही. एकही नाही, मावशी. तेवढ्या उंचीवर ऑक्सिजन कमी, दिवसभर चालून माणूस दमलेला, डोकं चालत नाही. मोठमोठ्या लोकांचं तसं होतं. हा त्यांचा दोष नाही.

आणि तो तिसऱ्यांचा दगड, नंबर १४७. कोपऱ्यात म्हटलंय ‘वरच्या खिंडीत’, म्हणजे वीस हजार तीनशे फुटांवर. वर तारीख आहे रविवार, १७ जून. त्या दिवशी बाबा पार खाली, बेस कॅम्पवर उतरलेले होते. आमच्या प्रमुख मिसेस लॉकहार्ट म्हणाल्या, माणूस स्वतःच्याच चिठ्ठीवर दोन वेगळ्या गोष्टी सांगतोय, यावर कमिटी काय विश्वास ठेवणार?

हॅलमचं म्हणणं खरं निघालं. मला हे तुम्हाला लिहावं लागतंय याचं फार वाईट वाटतं.

ईरा

*

इल्फर्ड
शुक्रवार, ७ मार्च २०२५

चि. ईरा,

दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण हात उचलत नव्हता.

तुझ्यावर राग नाही. होता, तो परवा टालियावर काढून झाला. बिचारी माझी मुलगी, साठीला आली तरी माझी बोलणी खाते. तू खोटं लिहिलं नाहीस हे बरं केलंस. पण एक सांगू? १९५४ साली मी बाबांना जे बोलले ते आज खरं ठरलं, आणि मला ते मुळीच खरं ठरायला नको होतं. तुझं पहिलं पत्र आल्यापासून रोज सकाळी मी मनात म्हणायची, आज ईरा लिहील की मावशी, तुम्ही चुकलात. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला हरायची एवढी हौस असते हे तुला कळायचं नाही.

सूर्य बुडायला आला. टालिया शब्बाथचे दिवे लावायला बोलावते आहे. एकदा शब्बाथ लागला की मी पेनला हात लावत नाही. बाकीचं उद्या तारे दिसल्यावर लिहीन.

रविवार, ९ मार्च

आत्ताच खिडकीतून तीन तारे मोजले. शब्बाथ सुटला, मनुकांच्या शरबताचा घोट घेतला, आणि लगेच पत्र पुढे घेतलं. काल जरा जास्तच रडगाणं गायलं, तिकडे दुर्लक्ष कर.

दिवसभर बाबाच डोक्यात होते. शनिवारी ते पेन काय, पेन्सिलसुद्धा उचलत नसत. माझगावला नाही आणि मला खात्री आहे, हिमालयातही नाही. साहेब लोक त्यांना आळशी म्हणाले असतील. लहानपणी आम्ही भावंडं शुक्रवारच्या शाळेचा अभ्यास तसाच ठेवायचो आणि शब्बाथ सुटला की एकदम लिहायचो. बाबांचं बघूनच ती सवय लागली.

तू त्या दगडांवर दोन महिने मेहनत केलीस, तेवढं पुरे. कमिटीला जे करायचं ते करू दे. उद्या सकाळी सीमाचा मराठी वर्ग आहे. आता वर्ग ती घेते, पण मला अजून फळा पुसायला बोलावते. लवकर झोपायला हवं.

रेचलमावशी

*

ग्लासगो
१२ मार्च २०२५

रेचलमावशी! रेचलमावशी!

तुम्ही चुकलात. मीही चुकले. हॅलम चुकला. नव्वद वर्षं सगळे चुकले, फक्त एक माणूस बरोबर होता.

तुमचं पत्र आज सकाळी आलं. किचनमध्ये उभी राहून टोस्ट खात वाचत होते. दुसऱ्या भागावर तारीख होती ‘रविवार, ९ मार्च’. खाली तुम्ही लिहिलंय ‘उद्या सकाळी सीमाचा मराठी वर्ग’. पण वर्ग तर रविवारी असतो! आणि शुक्रवारला तुम्ही ‘काल’ म्हटलंय. म्हणजे लिहिताना शनिवारची संध्याकाळ होती. मला आधी वाटलं, मावशींचं वय झालं. (सॉरी.) मग टोस्ट खाली ठेवला.

तुमच्यासाठी तारे दिसले तेव्हाच रविवार लागला होता. दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य बुडाला की बदलतो. बरोबर ना? तुम्ही हे फक्त शनिवारी पाळत असाल. बाबा रोज पाळत असतील तर?

मी तशीच म्युझियममध्ये पळाले, कोटसुद्धा विसरले. पेन्सिलच्या चिठ्ठ्या उजेडात लिहिलेल्या, म्हणून त्या जुळतात. शाईच्या चिठ्ठ्या सूर्य बुडाल्यावर लिहिलेल्या. सोमवारी उचललेल्या दगडावर ते संध्याकाळी मंगळवारची तारीख घालायचे, कारण त्यांच्या लेखी तेव्हा मंगळवार लागलेला असायचा. मी शाईची प्रत्येक तारीख एक दिवस मागे घेतली. मावशी, एकामागून एक दगड आपापल्या थरात जाऊन बसले! तुम्ही वाचून दिलेली ‘आज गारा’ची चिठ्ठी १२ जूनची आहे. डॉक्टरांच्या रोजनिशीत गारा ११ जूनला, दुपारी. तंबूची दोरीही तशीच, बरोबर एक दिवस आधी.

तरी २९ दगड उरले. सगळ्यांवर तारीख रविवारची. माझा परत धीर सुटायला लागला होता. मग तुमचं वाक्य आठवलं, शनिवारी पेन्सिलसुद्धा नाही. मी २१२ चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. त्यात शनिवारची एकही तारीख नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागला की लिहिणं बंद. म्हणजे शुक्रवारचे दगड शनिवारी तारे दिसल्यावर लिहिले, आणि तारीख घातली रविवारची. तुम्ही शाळेचा अभ्यास लिहायचा तसेच! ते २९ दगड दोन दिवस मागे घेतले आणि सगळे जुळले. १३८ पैकी १३८.

नंबर १४७ त्यातलाच. तो शुक्रवार, १५ जूनचा. त्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलंय: ‘झिराडकर एका हमालाला घेऊन वरच्या खिंडीपर्यंत गेला, अंधार पडायच्या आत परतला.’ हॅलम तेव्हा खाली तापाने पडलेले होते, त्यांनी ती खिंड कधी पाहिलीच नाही. नोरबूकांगच्या वरच्या भागात समुद्राचा खडक नाही असं त्यांनी पुस्तकात छापलं. तो तिथे आहे हे लोकांना चाळीस वर्षांनी कळलं. तुमच्या बाबांना १९३४ सालीच माहीत होतं, आणि त्यांनी तो खिशात घालून आणला होता.

ऑफिसात असताना त्यांची ही पद्धत कोणाच्या लक्षात आली नसणार, कारण ऑफिस दिवसाउजेडी सुटतं. दिव्याखाली तारखा घालायची वेळ फक्त डोंगरावर आली. हॅलमनी ‘तारखा खोट्या’ एवढंच लिहिलं, म्हणून आपली चूक काय ते तुमच्या बाबांना कधी समजलंच नसेल. त्यांनी आठवून आठवून पाहिलं असेल, आणि प्रत्येक तारीख बरोबर असेल.

आता नीट ऐका. कमिटीला आज सांगितलं तर ते म्हणतील, हुशार मुलगी आहे, आकडे जुळवून आणले. मला डोंगराबाहेरचा एखादा पुरावा हवा आहे. म्हणून विचारते: तुमचा जन्म दिवसाच्या कुठल्या वेळी झाला?

ईरा

*

इल्फर्ड
१४ मार्च २०२५, सकाळचे दहा, लख्ख ऊन आहे, तेव्हा तारखेवरून वाद नको

माझ्या गुणी पोरी,

दिवेलागणीला.

तुझा प्रश्न वाचला आणि मी जिन्याच्या पायरीवरच बसले. टालिया धावत आली, तिला वाटलं मी पडले. आई हजारदा सांगायची, ‘दिवे लावले आणि ही रडायला लागली.’ मंगळवारची संध्याकाळ होती. सुइणीने नगरपालिकेत मंगळवार, ९ नोव्हेंबर नोंदवलं. बाबांनी बायबलमध्ये लिहिलं बुधवार, १० नोव्हेंबर. शब्बाथ सुटल्यावर रविवार लिहिणारी मी, मला हे कधी सुचलं नाही! बाकीचे सहा दिवस मी सगळ्या जगासारखी घड्याळ बघून जगले. बायबलमधली तारीख आणि आईची ती दिवेलागणीची गोष्ट, दोन्ही सत्त्याऐंशी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर पडून होत्या, आणि त्यातल्या एकीने मी बाबांना मारलं.

ते म्हणाले होते, ‘मी बरोबर लिहिलंय, रेचल.’

मी खूप रडले, मग खूप हसले, मग टालियाला म्हटलं, कणीक भिजव. यंदा आमचा पुरीम आणि तुमची होळी गळ्यात गळा घालून आल्या आहेत. दोन्हीला पुरणपोळीच. बारा केल्या, चार एकटीने खाल्ल्या.

बायबलच्या पानाचे आणि जन्माच्या दाखल्याचे फोटो टालिया आजच तुला ईमेलने पाठवते आहे. मूळ कागदही कुरिअरने येतील, त्या मिसेस लॉकहार्टच्या नाकासमोर धर. बिस्किटाच्या डब्यातलं साहेबांचं पत्रही त्यात घातलंय. मी ते जाळणार होते. आता वाटतं, ते दगडाच्या शेजारी ठेवावं, लोकांना बघू दे.

कमिटीपुढे जाताना केस विंचर. आणि बोलताना घाई करू नकोस, तू घाईत शब्द गिळतेस.

तुझी रेचलमावशी

*

ग्लासगो
२० मार्च २०२५, दुपारी चार

प्रिय रेचलमावशी,

टालियाला फोन केलाच आहे, पण तुम्ही म्हणालात पत्रात सगळं पाहिजे, म्हणून हॉलबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

टेबलाभोवती सात जण होते. मिसेस लॉकहार्टनी सुरुवातीलाच चष्मा काढून ठेवला, म्हणजे त्यांचं मत ठरलेलं होतं. मी केस विंचरले होते. मी चिठ्ठ्या तीन रांगांत मांडल्या आणि हळूहळू बोलले. गारांच्या चिठ्ठीपर्यंत कोणी हललं नाही. शनिवारची एकही चिठ्ठी नाही म्हटल्यावर एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी स्वतः उठून रांगा तपासल्या. मग मी बायबलचं पान आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटलं, ‘हे बाळ संध्याकाळी जन्मलं. डोंगरावरून आल्यावर तीन वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या शाईने, या माणसाने तारीख तशीच घातली.’

मिसेस लॉकहार्टनी चष्मा घातला. पान खूप वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, ‘आणि ते बाळ?’

मी म्हटलं, ‘ते बाळ इल्फर्डला राहतं, आणि मला मराठी त्यांनीच शिकवलं.’

मत घ्यायचीसुद्धा गरज पडली नाही. संग्रह राहणार. नुसता राहणार नाही, वरच्या मजल्यावर काचेत जाणार. आतापर्यंत नाव होतं ‘हॅलम संग्रह’. आता ‘झिराडकर संग्रह’. मोहिमेच्या नकाशाच्या वरच्या भागावरही त्यांचं नाव येणार, कारण हॅलम तिथे गेलेच नव्हते. प्रोफेसर जाता जाता म्हणाले, ‘यापेक्षा शिस्तीचं फील्डवर्क मी आयुष्यात पाहिलेलं नाही.’ हे वाक्य मी तुमच्यासाठी तिथल्या तिथे लिहून घेतलं.

उद्घाटन रविवारी, १५ जूनला. तो दगड सापडला त्याला त्या दिवशी बरोबर एक्क्याण्णव वर्षं होतात. लंडनच्या युस्टन स्टेशनहून तुमची आणि टालियाची तिकिटं म्युझियम काढणार आहे. नाही म्हणायचं नाही.

ईरा

*

इल्फर्ड
१८ जून २०२५

चि. ईरा,

घरी सुखरूप पोचलो. पाय सुजलेत, पण ते रविवारी तुझ्या म्युझियमच्या जिन्यावर मी लिफ्ट नाकारली म्हणून. वडील वीस हजार फूट चढले, मी दोन मजले चढू नये?

तुला तिथे नीट बोलता आलं नाही, कारण तू सारखी रडत होतीस. आणि मला मलिदा वाटायचा होता. नवस फेडताना आम्ही एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतो. पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं घालून ट्रेनमध्ये पाच तास मांडीवर डबा धरून आणला. मिसेस लॉकहार्टनी दोनदा घेतला. बाई चांगली आहे, मी उगाच तिच्या नावाने बोटं मोडत होते.

काचेत बाबांचं नाव पाहिलं. शालोम डॅनियल झिराडकर, सर्वेक्षक. खाली तो दगड, आणि त्यांची चिठ्ठी जशीच्या तशी, १७ जून. तुम्ही ती तारीख खोडली नाहीत, शेजारी नुसती वाचायची कशी ते लिहिलंत. हे फार चांगलं केलंत. साहेबांचं पत्रही तिथेच आहे. लोक आधी पत्र वाचतात, मग चिठ्ठी वाचतात, मग मान हलवतात. मी अर्धा तास बाजूच्या खुर्चीवर बसून फक्त लोकांच्या माना बघत होते. इतकं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं. टालियाला सांगू नकोस.

मग तू कुलूप काढून दगड माझ्या हातात दिलास. केवढा जड! आतल्या तिसऱ्या अगदी अलिबागच्या किनाऱ्यावरच्या, फक्त दगडाच्या झालेल्या. आईने त्या पाहिल्या नव्हत्या. म्हणून मी तिच्या वतीने पाहिल्या, चांगल्या उलटसुलट करून. आणि बाबांना म्हटलं, मोठ्याने म्हटलं, तो गणवेशातला माणूस वळून बघायला लागला एवढ्या मोठ्याने: ‘बाबा, तुम्ही बरोबर लिहिलं होतं. मी चुकले.’ एकाहत्तर वर्षं ते वाक्य घशात अडकलेलं होतं. आता घसा मोकळा आहे, येत्या रविवारी सीमाच्या वर्गात मुलांवर ओरडून खात्री करून घेते.

एक शेवटचं. यंदा मला अठ्ठ्याऐंशी पूर्ण होतील. जन्मभर मी वाढदिवस हट्टाने नऊ नोव्हेंबरला केला. यापुढे दहालाच. तू यायचंस, आईलाही आण, केक टालिया करेल. नऊला रविवार आहे, तेव्हा सुट्टीचं निमित्त काढून तू आदल्या दिवशीच टपकशील, मला माहीत आहे. तशी आलीस तर दुपारी दार उघडणार नाही. दिवेलागणी झाल्यावर घंटा वाजव. तेव्हा दहा तारीख लागलेली असेल.

तुझी,
रेचल शालोम झिराडकर